प्रवाळांसाठी दिवा

घरातल्या काचेच्या टाकीत समुद्राचे पाणी भरून त्यात प्रवाळे वाढवायची असतील, तर वर दिवा कोणता लावावा? मुंबईतील एखाद्या ऐसपैस दिवाणखान्यात शोभावा असा हा प्रश्न. तो गेल्या वर्षी मुकुटबनात आमच्या दोन खोल्यांच्या घरी उपस्थित झाला आणि चांगले पाच महिने ठाण मांडून बसला.

मुकुटबन कोठे आले, असे वाचक विचारतील. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातले, वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे हे गाव. जमिनीच्या पोटात कोळसा आणि चुनखडी. 2022 साली येथे सिमेंटचा कारखाना सुरू झाला आणि पतींच्या नोकरीबरोबर आमचे बिऱ्हाडही इकडे आले. मी उत्तनची, कोळ्याची मुलगी. भरती-ओहोटीच्या वेळा घड्याळाआधी शिकलेली. येथून मुंबईचा समुद्र सरळ रेषेतदेखील सहाशे किलोमीटरांहून दूर. नकाशावर मोजले तर काकीनाड्याकडचा बंगालचा उपसागर त्याहून जवळ पडतो. पण माहेर ज्या बाजूला, तोच समुद्र जवळचा, हे कोणत्याही सासुरवाशिणीला सांगावे लागत नाही.

गंमत अशी की ज्या चुनखडीवर आमचे पोट चालते, तीही समुद्राच्याच तळाशी साचलेली. भूशास्त्रज्ञ तिला पैनगंगा गटातील खडक म्हणतात आणि तिचे वय शंभर कोटी वर्षांच्या घरात मानतात. त्या समुद्रात मासा नव्हता, शिंपला नव्हता, प्रवाळही नव्हते. प्रवाळे पृथ्वीवर आली ती त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी. म्हणजे मुकुटबनाने समुद्र पाहिला खरा, परंतु प्रवाळ कधीच पाहिले नाही. माझ्या लेकीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग मम्मी, आपण दाखवू या की त्याला."

लेक अकरावीत, विज्ञान शाखेला. दिवाळीच्या सुटीत आम्ही मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रशिक्षकाचा हात धरून, पाठीवर हवेची नळकांडी घेऊन ती पाण्यात उतरली. तेथील 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. ती वर आली तेव्हा थंडीने कुडकुडत होती आणि पहिले वाक्य बोलली ते माशांविषयी नव्हते. "माझ्या मनगटावरचा लाल दोरा खाली तपकिरी झाला होता," ती म्हणाली, "वर आले तर पुन्हा लाल!" त्या दोऱ्याने पुढचे सारे प्रकरण सुरू केले.

दोरा तपकिरी होतो, कारण पाणी तांबडा प्रकाश आधी गिळते. पाच-सहा मीटर खोलीपर्यंत जाता जाता लाल रंगाचा बहुतेक भाग संपतो; मग नारिंगी, मग पिवळा. निळा मात्र स्वच्छ पाण्यात शंभर मीटरांच्या पुढेही पोहोचतो. समुद्र निळा का दिसतो, या प्रश्नाचे उत्तर शोधणारा एक मोठा माणूस मुंबई बंदरातच उतरला होता. 1921 साली चंद्रशेखर वेंकट रामन 'नारकुंडा' बोटीने युरोपातून परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांचे मत त्या काळी प्रमाण मानले जाई. रामन यांनी एका साध्या निकोल लोलकाने पृष्ठभागावरून परावर्तित होणारी आकाशाची झळाळी वगळून पाहिले, तर समुद्र अधिकच निळा! पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी मुंबईत पोहोचताच लिहून विलायतेतील नियतकालिकाला धाडले. तांबडा रंग गिळला जाणे आणि निळा विखुरला जाणे या दोहोंतून तो रंग घडतो, हे आज आपण जाणतो.

आता प्रवाळाचा याच्याशी संबंध काय? प्रवाळ हा प्राणी आहे. पण त्याच्या पेशींच्या आत सूक्ष्म एकपेशीय शैवाल भाडेकरू म्हणून राहते. हे शैवाल उजेडावर साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देते. घरमालक त्याला आसरा देतो, आपल्या शरीरातील कार्बन डायऑक्साइड आणि नत्र देतो. असंख्य पिढ्या निळ्या पाण्याखाली राहिल्यामुळे या शैवालाची रंगद्रव्ये निळा प्रकाश टिपण्यात तरबेज झाली आहेत. तेव्हा प्रवाळासाठी दिवा निवडणे म्हणजे टाकी उजळणे नव्हे, ते त्याच्या जेवणाची सोय करणे होय. दिवा चुकला तर प्राणी उपाशी मरतो. तोही एका दिवसात मरत नाही, महिनोन् महिने झिजत जातो.

हे कळल्यावर लेकीने वहीत दोन रकाने पाडले आणि दिव्यांचा इतिहासच लिहून काढला. 1961 साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी एक लेख लिहून जगातील हौशी लोकांना चकित केले होते. त्यांच्या टाकीत जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश, एवढ्यावर प्रवाळे जगत होती. पुढे युरोपात व अमेरिकेत, जेथे सूर्य कमी, तेथे प्रखर मेटल हॅलाइड दिवे आले. त्यांच्या जोडीला टी-फाइव्ह जातीच्या बारीक ट्यूबलाइट आल्या. मेटल हॅलाइडचा उजेड सुंदर. पाण्यावर लाटा उठल्या की तळाच्या वाळूवर उन्हासारखी चमचमती जाळी पडते. पण तो दिवा म्हणजे टाकीवर टांगलेली शेगडीच.

चौथा पर्याय निळ्या एलईडीचा. तांबडे आणि हिरवे एलईडी पूर्वीपासून होते. निळा मात्र वर्षानुवर्षे कोणाला साधत नव्हता. 1993 साली जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी सिद्ध केला आणि 2014 सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना मिळाले. आज आपल्या स्वयंपाकघरात जो पांढरा एलईडी बल्ब जळतो, त्याच्याही पोटात हाच निळा असतो, वरून पिवळ्या लेपाने झाकलेला. प्रवाळ पाळणाऱ्यांना तर तो झाकावाही लागला नाही.

मुकुटबनात निवड करणे एका अर्थी सोपे. मे महिन्यात येथे पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. प्रवाळांना साधारण पंचवीस-सव्वीस अंशांचे पाणी मानवते. तीसच्या पुढे संकट. जाकार्ताचा सूर्य समुद्राकाठचा. आमच्या खिडकीतल्या सूर्याने टाकीतल्या पाण्याचे सार केले असते. मेटल हॅलाइडची शेगडी तर विचारातच घेता येत नाही. उरला एलईडी. त्याचीही उष्णता असते, पण ती मागच्या पंख्यातून खोलीत जाते. पाण्यात फारशी उतरत नाही. दिव्याखेरीज पाणी थंड ठेवणारे यंत्र लागेल ते निराळेच. वाळ्याचा कूलर माणसांना पुरतो, प्रवाळांना नाही.

एलईडी ठरला, तरी कोणता? येथे दुकानदारांची भाषा आणि प्रवाळाची भाषा यांचा मेळ बसत नाही. दुकानदार वॅट सांगतो. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो त्याचे माप, देतो किती त्याचे नव्हे. खोक्यावर लुमेन छापलेले असते. पण लुमेन आणि लक्स ही मापे माणसाच्या डोळ्यासाठी घडवलेली, आणि आपला डोळा हिरवट-पिवळ्या रंगाला सर्वाधिक दाद देतो. निळ्या दिव्याखाली लक्समीटर धरला, तर तो बिचारा उजेड नाहीच म्हणतो. प्रवाळाच्या कामाचे माप वेगळे: एका चौरस मीटरवर दर सेकंदाला प्रकाशाचे किती कण पडतात, ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. भर दुपारचे कडक ऊन सुमारे दोन हजार. मऊ प्रवाळांना पन्नास ते दीडशे पुरतात. सांबरशिंगासारखी फांद्यांची कठीण प्रवाळे दोनशे ते चारशे मागतात. त्यापुढे उजेड वाढवला तरी शैवाल अधिक साखर करीत नाही. उलट ते भाजते, आणि प्रवाळ त्याला बाहेर काढून स्वतः पांढरे पडते.

हे पांढरे पडणे आपण बातम्यांत वाचतो. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंशांनी तापले आणि आठवड्यांमागून आठवडे तसेच राहिले, की शैवालाला रोजचाच उजेड जड होतो. लक्षद्वीपात 1998, 2010, 2016 आणि पुन्हा 2024 साली हे घडले. आजारी माणसाला ताटभर जेवण वाढावे, तसे ते ऊन असते. म्हणूनच जाणकार सांगतात, नवीन प्रवाळ आणले की दिवा निम्म्याहून कमी ठेवा, कित्येक आठवड्यांत हळूहळू वाढवा, आणि दिवसाकाठी आठ-दहा तासांपलीकडे जाऊ नका.

आपली महाराष्ट्राची प्रवाळे तर अंधुक उजेडाचीच सवयीची. मालवणचे पाणी नितळ नाही. पावसाळ्यात गाळाने गढूळ होते आणि आठवडेच्या आठवडे खाली जवळजवळ संध्याकाळच असते. तरीही तेथे पोराइटीस, टर्बिनेरिया यांच्यासारखी चिवट प्रवाळे टिकून आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभरावर किलोमीटर दूर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक नावाचा पाण्याखालचा उंचवटा आहे. त्याचा माथाच सुमारे वीस मीटर खोल, आणि तेथील प्रवाळे निळ्याखेरीज फारसा दुसरा प्रकाश पाहत नसतील. आणखी नवल वरळी आणि हाजीअलीचे. 2020 साली सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी तेथील खडकांवरची प्रवाळे उचलून दुसरीकडे लावावी लागली, तेव्हा मुंबईच्या त्या पाण्यात प्रवाळ आहे हे निम्म्या मुंबईला कळले. माझा जन्म त्याच किनाऱ्यावरचा. पण आमच्या जाळ्यात बोंबील येत, करंदी येत, प्रवाळाची गोष्ट कोणी काढली नव्हती.

इतकी तयारी करून आम्ही नागपूरला एका दुकानात गेलो. आत शिरताच लेक हरखली. निळ्या दिव्यांखाली हिरवी, नारिंगी, गुलाबी प्रवाळे निखाऱ्यांसारखी पेटली होती. निळा प्रकाश घेऊन निराळ्याच रंगाचा परत टाकणारी प्रथिने त्यांच्या अंगात असतात, त्याचा हा चमत्कार. मी दुकानदाराला म्हटले, "भाऊ, जरा पांढरा दिवा लावा." त्याने नाखुशीने लावला. तेच प्रवाळ क्षणात चहाच्या चोथ्यासारखे दिसू लागले. साडीच्या दुकानातून पदर उंबऱ्याबाहेर उन्हात नेऊन पाहिल्याशिवाय पैसे न देणाऱ्या बायकांमध्ये मी वाढले. तो धडा येथेही कामी आला. फिकट तपकिरी हा निरोगी शैवालाचाच रंग, त्यात प्रवाळाचा दोष काहीच नाही. पण विकला जात होता तो दिवा, प्राणी नव्हे.

"दिवा आधी घ्या ताई," तो म्हणाला, "तीस हजारांच्या पुढे जाईल, पण एकदाच. कोरल काय, सांगाल ते आणून देतो."

"कागदपत्रांसह?" मी विचारले. तो हसला आणि माशांना खाद्य टाकू लागला.

येथे कायद्याची गोष्ट सांगणे प्राप्त आहे, कारण पुष्कळ सुजाण कुटुंबांनाही ती ठाऊक नसते. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चा. 2001 सालापासून खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे आणि समुद्रपंखे त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. 2022 च्या दुरुस्तीनंतर नव्या अनुसूची 1 एप्रिल 2023 पासून लागू झाल्या; प्रवाळांचे स्थान बदलले नाही. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या अपराधाला किमान तीन वर्षांचा कारावास आहे. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून चौकटीत बसवून भिंतीवर लावतात ते 'इंद्रजाल' कोणत्या वनस्पतीची मुळी नव्हे. ते समुद्रपंख्याचे किंवा काळ्या प्रवाळाचे वाळलेले शरीर असते, आणि तेही विकणे-बाळगणे याच कायद्याखाली येते. मऊ प्रवाळांच्या काही जाती या यादीबाहेर आहेत, परदेशातून येतात, असे व्यापारी सांगतात. असतीलही. पण ज्या मालाची पावती मागितल्यावर माणूस हसतो, तो माल घरात आणू नये, असे माझे मत.

परतीच्या प्रवासात लेक वर्ध्यापर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "तू उत्तनला जन्मलीस, तुला समुद्र फुकट मिळाला. मला मागून पण नाही." याला काय उत्तर द्यावे? माझ्या वडिलांनी आयुष्यभर समुद्रातून मासळी काढली. त्यांची मुलगी म्हणून मी समुद्राला हात लावू नका असे कोणत्या तोंडाने सांगावे? मी एवढेच म्हणाले की आजोबा जे काढीत ते संध्याकाळी संपत असे. टाकीतले प्रवाळ संपत नाही. त्याला रोज दहा तास उजेड द्यायचा, मे महिन्यातही, बारावीच्या परीक्षेतही, तू शिकायला पुण्याला गेलीस तरीही. "आणि लाईट गेली तर?"

हा प्रश्न तिला पटला नाही, पण तिने हिशेब मात्र केला. साठ सेंटिमीटर लांब आणि पंचेचाळीस रुंद-उंच टाकी, म्हणजे सुमारे एकशेवीस लिटर. शंभर वॅटचा दिवा दहा तास, रोज एक युनिट. आमचा इन्व्हर्टर घरातले पंखे सांभाळतो, त्यावर टाकीही टाकायची. तेव्हा तिच्या ध्यानात एक गोष्ट आली, जी कोणत्याही जाहिरातीत तिला दिसली नव्हती: वीज गेल्यावर दिवा ही शेवटची चिंता असते. ढगाळ दिवस समुद्रातही येतात. अंधार प्रवाळ एक-दोन दिवस सोसते. थांबलेले पाणी मात्र काही तासांतच जीव घेते, कारण पाणी हलले नाही तर त्यात प्राणवायू मिसळत नाही. उन्हाळ्यात वारंवार वीज गेली, तर बॅटरी आधी पंपाला, मग थंडाव्याला, आणि उरलीच तर दिव्याला. हे आकडे मांडून झाल्यावर तिने वहीचे पान उलटले. प्रवाळाचा विषय तिने स्वतःच मिटवला. मी फक्त चहा ठेवला.

टाकी मात्र आली. तिच्यात प्रवाळ नाही, समुद्रातला जिवंत खडकही नाही. तळाशी मुकुटबनच्याच करड्या चुनखडीचे चार दगड आहेत. खाऱ्या पाण्यात ती सहसा विरघळत नाही, हे लेकीने आधी बादलीत महिनाभर ठेवून तपासले. वर दोन विदूषक मासे. हे मासे आता समुद्रातून पकडावे लागत नाहीत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास बंदिस्त टाक्यांत यशस्वी केली आहे, आणि आपल्या राज्यात ऐरोलीलाही तसे केंद्र झाले. आमचे दोघे पैदास केंद्रातले, पावतीसह आले. समुद्रफुलाशिवायही ते सुखाने राहतात. एका दगडाची खाच त्यांनी घर म्हणून धरली आहे. माशांना जेवण म्हणून उजेड लागत नाही, दिवस-रात्र कळण्यापुरता लागतो. तेव्हा पाच महिन्यांच्या अभ्यासानंतर आम्ही जो दिवा निवडला, तो अठरा वॅटचा साधा एलईडी आहे. दगडांवर पहिल्या महिन्यात तपकिरी थर आला, मग हिरवा. दिवा आठ तासांवर आणल्यावर तो आटोक्यात राहिला.

उत्तनच्या मामाने फोनवर हे सारे ऐकले आणि त्याला हसू आवरेना. "समुद्राचं मीठ पिशवीने विकत घेता?" त्याने तीनदा विचारले. घेतो खरे. आर. ओ.च्या पाण्यात ते मोजून घालतो, आणि उन्हाळ्यात रोज उडून जाणारे लिटर-दीड लिटर पाणी गोडेच भरतो, कारण उडते ते पाणी. मीठ मागेच राहते. आता मामा दर रविवारी माशांची खुशाली विचारतो, आमची नंतर.

दिव्याला लेकीने टायमर लावला आहे. मालवण मुकुटबनच्या पश्चिमेस, रेखांशाच्या हिशेबाने तेथे सूर्य आमच्यापेक्षा सुमारे बावीस मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. म्हणून आमच्या घरची दुपार बाराच्या सुमारास उलटली, तरी टाकीतली दुपार अजून बावीस मिनिटे दूर असते. पतींनी विचारले, एवढ्या मिनिटांनी बिलात काय फरक पडतो? काहीच नाही, ती म्हणाली, आणि टायमरचे झाकण लावले.